‘खा खा सुटली’ असे सांगणाऱ्या रुग्णाविषयी: राज्यातील डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना खुले पत्र

महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली 26 वर्षे मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हे पत्र प्रथम माझ्याच चुकीविषयी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशी ओलांडलेल्या एक बाई आल्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). वर्षभरात त्यांचे वजन 11 किलोंनी वाढले होते. पूर्वी तीन ठिकाणी मिळालेले आहारतक्ते त्यांनी फाइलमध्ये नीट लावून आणले होते आणि त्यांतला एक तर लॅमिनेट करून घेतलेला होता. मी त्यांना चौथा तक्ता दिला. भात एक वाटी, साखर बंद, फरसाण बंद, रात्रीचे जेवण साडेसातच्या आत. महिन्याने त्या आल्या तेव्हा वजन आणखी दीड किलोने वाढलेले होते. मी नाराजी लपवली नाही, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तक्ता मला पाठ आहे. पण रात्री साडेअकराला सगळे झोपले की मी डब्यापाशी उभी असते, तेव्हा तो आठवत असूनही काही उपयोग होत नाही.” मी पुढचा प्रश्न विचारला, तो ‘डब्यात काय असते’ असा. तो प्रश्न चुकीचा होता, हे कळायला मला आणखी दोन भेटी लागल्या. त्या बाईंना आठ महिन्यांपासून नैराश्य होते. त्यांच्या धाकट्या बहिणीवर त्याच आजाराचे उपचार चालू होते आणि आई आयुष्यभर ‘झोपेची गोळी’ घेत असे. माझ्या फाइलमध्ये मात्र कुटुंबाच्या इतिहासाखाली एवढेच लिहिलेले होते: वडिलांना शुगर, आईला बीपी.

हे एका बाईपुरते असते तर पत्र लिहिले नसते. आपण सगळेच ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेने आपल्याला इथे थोडे फसवले आहे, असे मला वाटते. दुःखी माणसाची ‘अन्नावरची वासना उडते’, त्याला ‘घास गिळवत नाही’, त्याला ‘जेवण जात नाही’, असे आपण म्हणतो आणि असे कुणी सांगितले की डॉक्टर लगेच सावध होतात, घरचेही हवालदिल होतात. उलट दुःखाने ज्याचे खाणे वाढते त्याच्यासाठी आपल्याकडे अधाशी, हावरट, खादाड असे शब्द आहेत आणि फार झाले तर ‘भस्म्या झालाय’ ही थट्टा आहे. पहिल्याला सहानुभूती मिळते, दुसऱ्याला उपदेश. वैद्यकशास्त्राने मात्र हा भेद केलेला नाही. नैराश्याच्या निदानाच्या निकषांत भूक कमी होणे आणि वाढणे ही दोन्ही लक्षणे आहेत. आपण वापरतो त्या नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-9’ या प्रश्नावलीतला पाचवा प्रश्न भूक न लागणे किंवा जास्त खाणे असा एकत्रच विचारलेला आहे. त्यामुळे त्या रकान्यात 2 किंवा 3 गुण पडले, तरी रुग्ण कोणत्या बाजूला कलला आहे हे गुणांवरून समजत नाही. तेवढे तोंडी विचारावे लागते आणि नेमके तेच राहून जाते.

भावनिक खाणे म्हणजे पोटात भूक नसताना राग, एकटेपणा, काळजी किंवा रितेपणा शमवण्यासाठी खाणे. ही नवी कल्पना नाही. हिल्डे ब्रूख या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून असे मांडले होते की, काही माणसांना लहानपणापासून भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक ओळखायला शिकवलेच गेलेले नसते. पुढे 1986 मध्ये नेदरलँड्समध्ये 33 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. भावनेने खाणे, समोर दिसले म्हणून खाणे आणि स्वतःला आवरून धरत खाणे अशा तीन गोष्टी तिने वेगळ्या मोजल्या. ही विभागणी माझ्या रोजच्या कामात फार उपयोगी पडते, कारण लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणारा माणूस आणि मध्यरात्री एकटीने लाडवाचा डबा उघडणारी बाई यांना मी वर्षानुवर्षे एकच तक्ता देत आले होते.

नैराश्य आणि वजन यांचे नाते दुहेरी आहे. 2010 साली अनेक दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता 55 टक्क्यांनी, तर नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता 58 टक्क्यांनी अधिक आढळली. या दोन टोकांमधला एक दुवा भावनिक खाणे हा आहे. फिनलंडमध्ये प्रौढांचा सात वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात असे दिसले की, नैराश्याची लक्षणे असलेल्यांमध्ये भावनिक खाणे जास्त होते आणि त्या वाटेने पुढे त्यांचे वजन व कंबरेचा घेर वाढला. ज्यांची झोप कमी होती त्यांच्यात ही वाढ विशेष होती. रात्रपाळी करणारे पोलीस, परिचारिका, कॉल सेंटरमधली मुले आणि पहाटे चारला पाणी भरायला उठणाऱ्या बायका आपल्याकडे येतात, तेव्हा झोपेचा प्रश्न आपण शेवटी, दार उघडताना विचारतो. तो आधी विचारायला हवा.

आता आनुवंशिकतेकडे येते, कारण रुग्ण सर्वांत जास्त याविषयी विचारतात आणि आपण सर्वांत कमी बोलतो. ‘आमच्या रक्तातच आहे’ असे कुणी म्हटले की आपण त्याला सबब समजतो. ती सबब नाही आणि पूर्ण सत्यही नाही. हे जुळ्यांच्या अभ्यासांवरून कळते. समरूप जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ तोच असतो, तर भिन्न जुळ्यांची जनुके सख्ख्या भावंडांइतकी, म्हणजे सरासरीने निम्मी जुळतात. एखादी सवय समरूप जोड्यांमध्ये भिन्न जोड्यांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर त्या फरकावरून जनुकांच्या वाट्याचा अंदाज करता येतो. स्वीडनमधल्या तरुण पुरुष जुळ्यांच्या 2005 सालच्या अभ्यासात भावनिक खाण्यातल्या फरकांपैकी सुमारे 60 टक्के वाटा जनुकांचा निघाला. (हा अभ्यास फक्त पुरुषांचा होता आणि माझ्यासमोर या तक्रारीसाठी बसणाऱ्या बहुतेक बायका असतात, हेही नोंदवून ठेवते.) याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 साली जन्मलेल्या जुळ्यांच्या ‘जेमिनी’ या अभ्यासात लहान मुलांच्या भावनिक खाण्यात जनुकांचा वाटा अगदी नगण्य निघाला आणि घरातल्या सामायिक वातावरणाचा वाटा सर्वांत मोठा निघाला.

या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो, पण तो सुटतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात डब्याचे झाकण नसते. काय, कधी आणि कशासाठी खायचे हे मोठी माणसे ठरवतात, म्हणून जुळी समरूप असोत वा भिन्न, एकाच घरात ती सारखीच खातात. वाढत्या वयात स्वतःच्या खिशात पैसे येतात, एकटे राहण्याची वेळ येते आणि तेव्हा जनुकांच्या कलाला वाव मिळतो. शिवाय मुलांची माहिती पालकांनी भरलेली असते आणि दोन्ही मुलांबद्दल एकच आई लिहीत असल्यामुळे त्यांच्यातले साम्य थोडे वाढूनही दिसू शकते. मोठ्यांची माहिती ज्याची त्याने दिलेली असते. आणि 60 टक्के याचा अर्थ एखाद्या बाईच्या दहा घासांपैकी सहा जनुकांनी खाल्ले, असा मुळीच नाही. हा आकडा त्या गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकांविषयी आहे. तेच बियाणे काळ्या जमिनीत आणि मुरमाड माळावर पेरले तर उताऱ्याचा हिशेब बदलतो. परिस्थिती बदलली की हा आकडाही बदलतो.

घराच्या वाट्याविषयी बोलताना मला आयांवर दोष ठेवायचा नाही आणि तसा दोष ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना मी विनंती करते की, त्यांनी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरातला अभ्यास पाहावा. तिथे 801 मुलांना चौथ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत पाहिले गेले. रडणाऱ्या मुलाला खायला देऊन शांत केले की ते पुढे भावनेपोटी जास्त खाऊ लागते, हे त्यात दिसलेच. पण जे मूल खाऊन शांत होते त्यालाच पालक जास्त वेळा खायला देतात, हेही दिसले. मुळात जे मूल चटकन बिथरते, त्याच्या बाबतीत हे चक्र अधिक जोराने फिरते. म्हणजे मुलाचा जन्मजात स्वभाव स्वतःभोवतीचे वातावरण घडवत असतो. ‘रडू नको, खाऊ देते’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात उच्चारले गेले आहे आणि ते प्रेमानेच उच्चारले गेले आहे. ज्या घरात मृत्यू झाला तिथे शेजारीपाजारी कडू घास घेऊन जातात, पिठलं-भात वाढतात आणि ‘दोन घास खाऊन घे’ म्हणतात, ते कुठल्याही समुपदेशनापेक्षा कमी मोलाचे नाही. अन्नाने धीर देणे हा आजार नाही. धीर मिळण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरला नाही की मग तो आजाराचा भाग होतो.

नैराश्याच्या आनुवंशिकतेबाबतही असेच सावध राहावे लागते. जुळ्यांच्या अभ्यासांचे 2000 साली झालेले एकत्रित विश्लेषण जनुकांचा वाटा सुमारे 37 टक्के सांगते. 2006 च्या मोठ्या स्वीडिश अभ्यासात तो स्त्रियांमध्ये 42 आणि पुरुषांमध्ये 29 टक्के निघाला. पण नैराश्याचे असे एखादे जनुक नाही. 2003 साली सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा आणि जीवनातल्या ताणांचा संबंध दाखवणारा शोधनिबंध फार गाजला होता. 2019 साली लाखो लोकांच्या माहितीवर अशा 18 गाजलेल्या जनुकांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी एकाचाही दावा टिकला नाही. 2025 च्या आरंभी 29 देशांतल्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेले सुमारे 700 जनुकीय फरक नोंदवले गेले. त्यांतल्या एकेकाचा परिणाम अगदी सूक्ष्म असतो. म्हणून थुंकीच्या नमुन्यावरून ‘तुमच्या डीएनएप्रमाणे आहार’ लिहून देणाऱ्या महागड्या पाकिटांची शिफारस आपल्यापैकी कुणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा ‘घरात कुणाला मनाचा आजार होता का, कुणी झोपेच्या किंवा डोक्याच्या गोळ्या घेत होते का, कुणी जीव दिला होता का’ हे हळुवारपणे विचारणे पुष्कळ जास्त सांगून जाते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एक निष्कर्ष मात्र आपल्या कामाशी थेट जोडलेला आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांची भुकेनुसार विभागणी केली गेली. ज्यांची भूक आणि वजन वाढले होते, त्यांच्यातच वजन, शरीरातला दाह आणि लेप्टिन हे संप्रेरक यांच्याशी संबंधित जनुकीय कल अधिक आढळला. म्हणजे खाणे वाढवणारे नैराश्य आणि लठ्ठपणा यांची मुळे काही प्रमाणात एकाच मातीत आहेत. अशा रुग्णाला ‘आधी वजन कमी कर, मग मन आपोआप ताळ्यावर येईल’ असे सांगणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

आपल्या प्रदेशात याला आणखी एक बाजू आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या कामातून ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय बाळाची कल्पना जगापुढे आली. इथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे सुमारे 3.5 किलो, पण वजनातल्या या तुटीच्या मानाने चरबी तेवढी कमी नव्हती. म्हणून ‘वजन नॉर्मल आहे, काळजी नको’ म्हणून आपण ज्या रुग्णाला परत पाठवतो, तिची कंबर मोजायला हवी आणि ती रात्री काय करते हेही विचारायला हवे. वजनाशी सर्वाधिक जोडले गेलेले एफटीओ हे जनुकही नशिबाचा लेख नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर 2011 साली असे दिसले की, शरीराला हालचाल देणाऱ्यांमध्ये त्याचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो.

इथे मी आपल्या आहारतक्त्यांविषयी बोलल्याशिवाय राहू शकत नाही. ज्याचे मन आधीच खचले आहे त्याच्या हातात ‘बंद’, ‘बंद’, ‘बंद’ असा कागद दिला की दोन-तीन दिवस तो निभावतो, मग एक बिस्किट खाल्ले जाते आणि ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणून पुडा संपतो. त्यानंतरची शरम त्याला पुन्हा त्याच डब्याकडे नेते. फार आवरून धरण्यातून फार सुटणे जन्माला येते, हे या क्षेत्रातले जुने निरीक्षण आहे. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या दिवसांत भावनिक खाणे वाढते, हेही अभ्यासांनी दाखवले आहे. तरी त्या आठवड्यातल्या वाढीवरून मी किती जणींना बोलले असेन, याची आता मोजदाद नको वाटते.

माझी विनंती छोटी आहे आणि तिच्यासाठी नवा कागदही छापावा लागणार नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविका दीर्घकालीन आजारांचा धोका तपासणारा जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना आहे आणि त्याच फॉर्ममध्ये मनःस्थितीविषयी दोन प्रश्नही आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटले का. कंबर वाढलेली दिसली की रुग्ण शुगरच्या तपासणीला जातो. दोन प्रश्नांच्या गुणांकडे मात्र, माझ्या अनुभवात, क्वचितच कुणी पाहते. ज्याची कंबर वाढली आहे आणि ज्याचे हे गुणही जास्त आहेत, त्याला आहारतक्ता देण्याआधी पूर्ण नऊ प्रश्न विचारले जावेत, पाचव्या प्रश्नाला ‘भूक कमी की जास्त’ हे शब्दांत लिहिले जावे आणि नवव्या, म्हणजे जिवाला अपाय करून घेण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला शून्याहून अधिक गुण आल्यास त्याच दिवशी पुढची सोय व्हावी. 14416 हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर वजनकाट्याशेजारी लावावा. थायरॉइडची तपासणी आणि चालू औषधांची यादीही पाहावी, कारण मर्टाझापिनसारखी नैराश्यावरची काही औषधे भूक वाढवतात. अशा वेळी रुग्णाने मनाने गोळी बंद करू नये म्हणून ते आपणच आधी सांगून ठेवले पाहिजे.

‘आमच्याकडे वेळ नाही आणि तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही’ हे उत्तर मला माहीत आहे, कारण मी ते स्वतः दिले आहे. पण गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने 495 रुग्णांसोबत केलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत गंभीर नैराश्यावर काम केले. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी 64 टक्के बरे झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमामुळे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार डायबेटिस क्लिनिकमध्ये झालेल्या 404 रुग्णांच्या अभ्यासात त्यांपैकी सुमारे निम्म्यांवर नैराश्य आणि मधुमेह यांचे उपचार एकत्र केले गेले, बाकीच्यांवर नेहमीचे. दोन वर्षांनी ज्यांचे मनही सुधारले आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक गोष्टही सुधारली, अशांचे प्रमाण एकत्र उपचारांच्या गटात जास्त होते. यातले काहीच परदेशात घडलेले नाही.

त्या बाईंविषयी थोडे सांगते. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे त्या गेल्या, औषध सुरू झाले, बहिणीसोबत संध्याकाळी चालायला जाऊ लागल्या. पहिले तीन महिने मी त्यांचे वजन केलेच नाही. सहाव्या महिन्यात त्यांनीच काट्यावर उभे राहायची इच्छा दाखवली. चार किलो कमी झाले होते, सगळे 11 नाहीत. रात्री डब्यापाशी जाणे अजूनही अधूनमधून होते, असे त्यांनी न लाजता सांगितले.

माझ्या दवाखान्यातल्या छापील वहीत नाश्ता, दुपारचे जेवण, चारचा चहा आणि रात्रीचे जेवण असे चार रकाने होते. त्यांच्या पुढे मी हाताने पाचवा रकाना आखते आणि त्यावर लिहिते: ‘त्या वेळी घरात काय चालले होते’. नवी वही छापायला दिली आहे. तिचा नमुना कुणाला हवा असल्यास जरूर मागवावा.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक आहारतज्ज्ञ